बुगारी त्राओरेची जमीन आणि कांकूच्या शिव्या

कांकू दियाराच्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला तो मी. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि फळ्याच्या वरची धूळ पुसायला मी तिलाच बोलवायचे. पुढे ती चौदा वर्षं स्पेनमध्ये बास्केटबॉल खेळली, देशाच्या संघाची कप्तान झाली. दरवर्षी आमच्या सान गावच्या पोरींसाठी बूट पाठवायची, सगळे स्वतःच्या मापाचे. एका बुटात दोन पोरी मावायच्या. शेवटी गुडघे झिजवून परत आली आणि म्हणाली, "बाई, मुलींसाठी सिमेंटचं मैदान बांधायचंय."

आमच्या मुली वाळूत सराव करतात. वाळूत चेंडू टाकला की तो तिथेच बसतो, जेवल्यानंतर माझा नवरा बसतो तसा.

सिमेंट आलं, खांब आले. जागा मात्र शाळेला लागून एकच होती आणि ती बुगारी त्राओरेची. तिथे त्याची सहा गाढवं बांधलेली असत. पावसाळ्याआधी काम झालं नाही तर पोत्यांतल्या सिमेंटचे दगड होणार होते.

कांकू त्याच्याकडे कशी गेली, ऐका. इस्त्रीचा झगा, हातात नकाशाची फाईल, वडीलधाऱ्यांना भेट देतात त्या कोलाच्या बिया, मान खाली. "आजोबा, आपली तब्येत बरी आहे ना? आपली परवानगी असेल तर एक विनंती करते."

म्हाताऱ्याने चहाचा पेला खाली ठेवला. "नाही," म्हणाला आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती आणखी नम्र होऊन गेली. त्याने दारच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन माझ्या अंगणात बसली. सव्वासहा फुटांची बाई रडायला लागली की कुठे थोपटावं तेच कळत नाही.

"बाई, काय चुकलं माझं? इतकं गोड तर मी पंचांशीही कधी बोलले नाही."

"तेच चुकलं," मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. "तू दियारा, तो त्राओरे, दोन्ही घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. भेटल्या भेटल्या एकमेकांची अब्रू काढायची आणि कुणी रागवायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. तू त्याला 'आपण' म्हणालीस. नातंच तोडलंस की गं. ऊठ, जा आणि शिव्या दे."

"कुठल्या?"

चौदा वर्षांत पोरगी शिव्या विसरली होती. दुपारभर मी तिची शिकवणी घेतली. पहिल्या काही इतक्या मिळमिळीत होत्या की माझ्या कोंबड्याही जागच्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी बुगारी मित्रांबरोबर दारात चहा उकळत बसला होता. कांकू समोर जाऊन उभी राहिली. ती अडली तर सांगायला मी मागे होते.

"ए चवळीखाऊ त्राओरे," ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा तुझी गाढवं शहाणी दिसतात. जागेचं त्यांना विचारू की तुला?"

म्हाताऱ्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला. "चवळी तुम्ही दियारा खाता," तो म्हणाला. "तू पोतंभर खाल्लेली दिसतेस, नाहीतर एवढी वाढली असतीस का? जा, पाणी आण."

"तूच आण. तुझ्या बापाने जन्मभर आमची भांडी घासली."

"तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने एका कोंबडीच्या बदल्यात विकत घेतलं होतं. आठवड्यात कोंबडी परत मागितली."

एवढं बोलून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "त्येमोको गेल्यापासून मला कुणी धड शिवी दिली नाही गं."

त्येमोको म्हणजे कांकूचा बाप.

"त्याच्या मयताला मी त्याची टोपी घालून, त्याच्यासारखं पोट पुढे काढून फिरलो. आम्ही त्राओरेंनी तुमचं सोंग नाही करायचं तर कुणी करायचं? सगळं गाव हसत त्याला पोचवायला गेलं. तू नव्हतीस."

कांकूचा चेहरा उतरला. "उपांत्य सामना होता," ती म्हणाली. "हरलो आम्ही."

"जागेचं काही नाही. गाढवं कुठेही उभी राहतात. पण माझं सोंग तुझा बाप करणार होता. आता मी मेलो की सगळे तोंड पाडून नेतील मला."

"मी करीन."

"आणि त्या दिवशी तुझ्या पोरींचा सामना असला तर?"

"असला तरी येईन. तुझी विजार घालीन आणि सहाही गाढवांना तुझ्याच नावाने हाका मारीन."

म्हातारा डावा पाय ओढत आत गेला आणि आपली विजार घेऊन बाहेर आला. "घाल," म्हणाला. "आधी चाल बघतो, मग जागेचा कागद."

कांकूने ती झग्यावरूनच चढवली. गुडघ्यापर्यंतच आली. मग कमरेत वाकून, पाय ओढत, खोकत, "बुगारी, हट बुगारी" करत ती गाढवांमधून फिरली. चहाला बसलेले मित्र हसून लोळायचे बाकी राहिले. म्हातारा आधी हसला, मग रडला आणि रडता रडताच त्याने कागदावर अंगठा उठवला.

"ठीक आहे," म्हणाला. "पण डावा पाय अजून जरा ओढायला हवा."