हातोड्याची साक्ष

ठाण्! मी एक जुना हातोडा आहे. ठाण्! मित्रांनो, जरा लांब बसा. माझे घाव थांबले, तरी त्यांचे आवाज डोक्यातून जात नाहीत. त्यांच्या मधेमधे बोलतो.

भट्टीत मला लाल केलं, ऐरणीवर ठेचलं, पाण्यात बुडवलं. मी किंचाळलो आणि कडक झालो. ठाण्! मग जावामधल्या एका विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात आलो. काळ्या खडकांच्या कवट्या फोडणं हे माझं काम. "याच्यासारखा दुसरा नाही," असं सगळे म्हणत. ठाण्!

शेवटी वेनिंग नावाच्या संशोधिकेच्या कमरेला लागलो. पीएच.डी. झालेल्या तरुण संशोधकांना विभाग फेलोशिप देई. जागा एकच, आणि पदवीला पाच वर्षं झाली की दार बंद. वेनिंगची ही शेवटची संधी होती. दुसरा अर्ज होता तिच्याहून लहान असलेल्या सेतोचा. ज्वालामुखीवर एकट्याने चढायची परवानगी नव्हती, म्हणून दोघं सोबत चढत.

"ताई, दमलीस? मग ती जागा मला देऊन टाक ना," केळीच्या पानातला भात चावत सेतो म्हणाला.

"आधी हेल्मेटचा पट्टा लाव, पोरा. डोकं रिकामं असलं तरी फुटतंच."

आणि डोंगर फुटला.

ठाण् नाही. त्याहून मोठं. त्या आवाजाला माझ्याकडे शब्द नाही. आभाळातून जळते दगड कोसळू लागले. अशा वेळी पळायचं नसतं. वर बघायचं, दगड कुठे येतोय ते हेरायचं, बाजूला सरायचं. दोघांनाही हे पाठ होतं.

सेतो पळाला.

"थांब! सेतो, वर बघ!"

थांबतो कसला! रेडकाएवढा लाल दगड थेट त्याच्या वाटेवर उतरत होता. वेनिंगने मला उपसलं आणि फेकलं. मी त्याच्या घोट्यावर बसलो. कट्. मित्रांनो, हाड खडकापेक्षा फार मऊ असतं. तो तोंडावर आपटला, आणि त्याच्या पुढ्यातच दगड जमिनीत घुसला. ठिणग्यांनी त्याच्या भुवया जळाल्या.

"मारलंस मला! जागेसाठी मारलंस!"

"शिव्या नंतर घाल, आधी वर बघ!" वेनिंगने मला उचलून कमरेला खोचलं आणि त्याला कॉलर धरून ओढत खाली आणलं. मागे राखेने सगळा उतार पुरून टाकला. तो दगडही.

चौकशी बसली. मी टेबलावर, सुकलेल्या रक्तासकट. सेतोचा प्लास्टरमधला पाय खुर्चीवर.

विभागप्रमुख हर्जुनो सरांनी विचारलं, "सेतो, नीट आठवून सांग. तिने वाचवायला मारलं, की जागेसाठी?"

सेतोने वेनिंगकडे पाहिलं. भुवयांच्या जागी अजून खपल्या होत्या.

"माझी तिच्याकडे पाठ होती, सर. तिच्या मनातलं मला काय माहीत?"

"आणि दगड?"

"राख होती, सर. काही दिसलं नाही."

वेनिंग हसली. फार वाईट हसली. हेल्मेट माझ्याशेजारी ठेवून निघून गेली. जागा सेतोला मिळाली.

तो मला हात लावत नाही. कपाटात मी गंजतोय. मित्रांनो, हत्यारं पुसून, तेल लावून, कोरडी ठेवा. त्या टेबलावर मला कोणी काही विचारलं नाही. तुम्हाला विचारतील. तेव्हा जिभेला गंज चढू देऊ नका.