दोन चमच्यांमध्ये

गोळी तळाशी टेकली तेव्हा पांढरी, कडक, काठाला धार असलेली होती. आता तिच्याभोवती पातळ, बुळबुळीत साय धरली होती आणि आतली गोळी त्या सायीतून अंधुक दिसत होती — फुगलेली, किंचित पिवळसर, पण अजून गोळीच. वरून वल्हं फिरत होतं, इतकं संथ की पाणी जेमतेम हलावं. काचेची सहा भांडी, प्रत्येकात अंगाच्या उबेइतकं कोमट पाणी, प्रत्येकात सोडलेली एकेक गोळी. या यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे म्हणत, पोटं. पोटं लावली का, तिसरं पोट गळतंय, आज पोटांना सुट्टी. नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हसू यायचं, मग तेही पोटंच म्हणू लागत.

ती पोटांसमोर उभी होती. “आमची ताई पगार घेऊन गोळ्या विरघळताना बघते,” असं धाकटा भाऊ चारचौघांत सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक खेपेतल्या काही गोळ्या ती पाण्यात सोडायची, ठरल्या वेळी लांब सुईने त्या पाण्यातलं थोडंसं काढायची, गाळायची, आणि त्यात किती औषध उतरलंय ते मोजायची. ही रक्तदाबाची गोळी. अख्ख्या दिवसाचं औषध एका गोळीत कोंबलेलं, आणि ते अख्खा दिवस पुरावं म्हणून ही साय — पाणी लागलं की धरणारी, औषधाला जरा जरा करून बाहेर सोडणारी. आतलं सगळं विरघळून गेलं तरी साय आपला आकार सोडत नाही. मग कुणीतरी घाबरून कारखान्याला कळवतं, की तुमची गोळी विरघळलीच नाही, गिळली तशीच बाहेर पडली... त्यांना उत्तर जातं, की काळजी नसावी, ते नुसतं टरफल आहे.

नुसतं टरफल. सकाळी तिने नळाखाली हात धरला होता आणि पाणी कढत आहे हे तिला हात लाल झालेला दिसला तेव्हा कळलं.

बाबा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. रडू येईल, मग ओसरेल, लोकांचं होतं तसं आपलंही होईल, असं ती धरून चालली होती. आईला जवळ घेऊन बसली, आल्यागेल्याशी बोलली, चहा केला, कपबश्या विसळल्या. मग बाबांच्या पलंगावरची चादर काढायला गेली आणि उशाशी, औषधांच्या डब्याशेजारी, तिला दोन चमचे दिसले. एकात एक बसवलेले. ओढून वेगळे केले तर मध्ये पांढरी पूड चिकटलेली, आणि त्या पुडीत वाळलेल्या सायीचे पोपडे. रोज बघते ती साय. अंधारातही ओळखली असती.

ती ओळखली, आणि चमचेही ओळखले. एकात एक चमचे कसे बसवायचे हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार... धाकटा सहा-सात वर्षांचा, तापाने फणफणलेला, गोळी घशात अडकते म्हणून भोकाड पसरलेला, आई कामावर, आणि ती, त्याच्याहून थोडीच मोठी, पण घरात मोठं कुणी नाही म्हणून मोठी झालेली. एका चमच्यात गोळी ठेवायची, दुसरा चमचा वर बसवायचा, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं — कट्कन आवाज यायचा — मग पुडीवर साखर, साखरेवर पाणी, आणि करंगळीने ढवळायचं. “गोळी कुठे गेली?” तो विचारायचा. “आहे की, पाण्यातच आहे.” “मग दिसत का नाही?” “दिसत नसली तरी आहे. पी.” आणि तो तिच्याकडे बघत बघत पिऊन टाकायचा, कारण ताईला सगळं येतं.

“तुझीच युक्ती वापरली,” तो फोनवर म्हणाला होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबांना धड गिळता येईना. गोळी टाळूला चिकटायची, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायची वेळ यायची. त्या दुपारी त्याने तिला फोन केला होता, पण प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही, तो बाहेर कपाटात पडून होता, आणि संध्याकाळी तिने उलट फोन केला तेव्हा धाकट्याचा आवाज खुशीत होता. “काही नाही गं, जमलं. तुझीच युक्ती वापरली.” ती बसमध्ये चढत होती. “शाबास,” ती म्हणाली. कुठली युक्ती, हे विचारलं नाही... बसमध्ये जागा मिळाली होती आणि पाय दुखत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा दुपारच्या झोपेतून उठले नाहीत. रक्तदाब एकाएकी खाली गेला, हृदय थकलेलं, वयही झालेलं, डॉक्टर म्हणाले. असेल, तसंही असेल. पण ती गोळी फोडली तर दिवसभराचं औषध तासाभरात अंगात उतरतं, सगळं एकदम, आणि घरात कुणी ती फोडतंय हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. धाकट्याला गोळीचं ठाऊक नव्हतं. बाबांचं सगळं त्यानेच केलं होतं — पुसणं, कूस बदलणं, भरवणं, एकदाही न वैतागता. त्याला हे कधीच कळू द्यायचं नाही, असं तिने चमचे हातात धरून ठरवलं. मग ते घासले, पुसले, आणि वेगवेगळे ठेवून दिले.

तेव्हापासून धाकट्याचा रोज संध्याकाळी फोन. जेवलीस का, झोप लागली का, डोकं दुखत नाही ना. पोरका झालाय, आधार शोधतोय, असं तिला वाटायचं, आणि ती हो-ना करत राहायची. एक शब्द जास्तीचा तोंडातून जाऊ नये म्हणून सगळेच शब्द मोजून वापरायचे, की मग हळूहळू कशाचंच काही वाटेनासं होतं. आज सकाळपर्यंत हे जमत होतं.

“घशात अडकते गं माझ्या,” सकाळी आई फोनवर म्हणाली. “बाबांचीच गोळी ती, जरा कमी ताकदीची. आज धाकट्याला सांगते, बाबांना द्यायचास तशी चमच्यात फोडून दे म्हणून.”

“नको आई. मी डॉक्टरांना विचारते. पातळ औषध मिळतं का बघू.”

“एवढ्यासाठी डॉक्टर कशाला? बाबांना देत होताच की तो. किती निगुतीने द्यायचा.”

“आजची अख्खीच घे. घोट घोट पाण्याबरोबर.”

“बघू,” आई म्हणाली. आईचं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. आणि आईला कारण सांगावं तर तिला मागचा धागा जुळवायला किती वेळ लागणार... गोळी ती झोपताना घेते. म्हणजे त्याच्या आत धाकट्याला सांगायला हवं. आईची गोळी फोडू नकोस. एवढंच वाक्य. पण तो विचारणार, का? लहानपणापासून त्याचं तेच, का आणि कसं आणि मग काय. का, तर ही नवीन प्रकारची आहे. पण नाही, तो पाकिटं ओळखतो, डबा तोच भरतो. का, तर आईचं पोट नाजूक आहे. का, तर... आणि मग तो थांबेल, आणि विचारेल, मग बाबांची? तेव्हा मी काय सांगू? त्याला सांगितलं तर तो जन्मभर ते घेऊन बसेल, आणि न सांगावं तर आई.

“चौथं पोट बघितलंस का?” साहेब मागे येऊन उभे होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधणारे. त्यांच्या हातातल्या कागदावर पहिल्या मोजणीचे आकडे होते. पाच भांड्यांत औषध जेमतेम उतरलेलं, आणि चौथ्यात जवळजवळ सगळं.

तिने वाकून पाहिलं. चौथ्या भांड्याच्या तळाशी गोळी नव्हतीच. पोपडे होते, वल्ह्याबरोबर गोल गोल फिरणारे.

“टाकतानाच फुटकी असणार,” साहेब म्हणाले. “बघून टाकायची ना. अख्ख्या गोळीला पाणी बाहेरून कुरतडत बसतं. फुटली की त्याला चहूकडून दारं उघडी. आता सगळं पुन्हा लावावं लागेल.”

“चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. आपली काचेची पोटं, त्यांना काय होतंय? धुतली की झालं.” ते हसले, आणि मग हसू अर्ध्यावर सोडून तिच्याकडे बघू लागले. “तुला बरं नाही का? घरी जातेस?”

“नाही. लावते पुन्हा.”

चौथ्या भांड्यातलं पाणी अगदी नितळ होतं. चमच्यातलंही असंच दिसलं असेल. धाकट्याने करंगळीने ढवळलं असेल का... बाबांनी त्याच्याकडे बघत घेतलं असेल. ठसका लागला नाही म्हणून दोघांना बरं वाटलं असेल. तिने भांडं उचलून मोरीत रिकामं केलं, धुतलं, नवीन पाणी भरलं, ते अंगाइतकं कोमट होईपर्यंत थांबली, आणि प्रत्येक गोळी उजेडात धरून, फिरवून, मगच पाण्यात सोडली. हात एवढाही थरथरला नाही. थरथरला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

सुटी झाल्यावर ती बोळातल्या कपाटांपाशी आली. कपाट उघडलं तेव्हा आत फोन थरथरत होता. धाकटा. रोजच्यापेक्षा लवकर.

“जेवलीस का दुपारी?” त्याने विचारलं.

“हो.” डबा भरलेलाच पिशवीत होता. मग तिने श्वास घेतला आणि दिवसभर घोकलेलं वाक्य, मागेपुढे काही न लावता, बोलून टाकलं. “आई आज तुला एक सांगेल. तिची गोळी फोडू नकोस.”

आता ‘का?’ येणार, म्हणून ती कपाटाच्या दाराला धरून उभी राहिली. नवीन प्रकारची, नाजूक पोट, डॉक्टर म्हणाले — जे आधी तोंडात येईल ते.

“नाही फोडत,” धाकटा म्हणाला. “मघाशीच म्हणाली ती. मी नको म्हटलं. उद्या डॉक्टरांकडे नेतो तिला, पातळ औषध लिहून घेतो.”

त्याने ‘का?’ विचारलंच नव्हतं. बोळातून कुणीतरी किल्ल्या वाजवत गेलं.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“उरलेल्या गोळ्या दुकानात परत द्यायला काढल्या, तेव्हा. आत कागद असतो बघ घडी घातलेला. तो वाचला.” त्याचा आवाज खाली गेला. “आधी कधी वाचला नव्हता.”

“मग मला का नाही बोललास?”

मागे घरातल्या कुठल्याशा भांड्याचा आवाज झाला.

“लहानपणी तू मला तशीच द्यायचीस ना,” धाकटा म्हणाला. “तुझंच चुकलं असं तुला वाटत राहिलं असतं.”

जेवलीस का, झोप लागली का, डोकं दुखत नाही ना. रोज. आपण त्याला सांभाळतोय असं धरून ती इतके दिवस हो-ना करत होती, आणि तो एवढं सगळं एकट्याने पोटात घेऊन, दर संध्याकाळी, तिचा आवाज तपासत होता. कपाटाच्या पत्र्याची धार तिच्या तळहातात रुतली होती. ती आता दुखत होती, चांगलीच दुखत होती. सकाळी भाजलेल्या हाताचीही आत्ताच आग व्हायला लागली, आणि तिला भीती वाटली, इथे, किल्ल्या घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांत, आपलं काय होणार याची. धाकट्याशी काय बोलायचं, बाबांचं नाव कुणी आधी काढायचं, हे तिला सुचेना. चुकून फोन बंद होईल म्हणून तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“ताई, आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली. “तू ठेवू नकोस.”