उन्नतीची आडवी बाटली

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही काचेचे आहात. आरपार दिसणारे, आणि जरा धक्का लागला की फुटणारे. जमलं? मग आता माझं ऐका.

मी एक जुनी दारूची बाटली आहे. भट्टीच्या धगीत माझा जन्म झाला. माझ्यात काय भरायचं, हे मला कोणी विचारलं नाही. तुर्भ्याच्या वस्तीतल्या दुकानातून लोक मला छातीशी धरून नेत आणि मी रिकामी झाले की भिरकावून देत. त्याच वस्तीतल्या अंकुशने एकदा पिऊन मला मोरीत टाकलं आणि त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. त्याच्या मुलीने, उन्नतीने, मला घासून लख्ख केलं.

त्याच सुमारास वस्तीतल्या बायकांनी ते दुकान बंद करायचा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांचं मतदान ठरलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. उन्नती मला विहारात नेई आणि तिथे या बायकांच्या पुढारी संघप्रियाताई मला आडवी ठेवून शिकवत, "शिक्का हिच्यावर!" दुकान गेलं तर बाबा शुद्धीवर घरी येतील, एवढीच उन्नतीची आशा होती.

मतदानाच्या दिवशी ती मला घेऊन शाळेच्या फाटकापाशी आली. महिला पोलिसाने हटकलं, "ए, बाटली कुठं नेते? इथं प्रचार चालत नाय. कोनाशी बोलायचं पन नाय." तिने मला काढून घेतलं आणि भिंतीवर ठेवलं. उभी!

रांगेतून उन्नतीची आजी, बायजाबाई, माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्या चांगुणाबाईला म्हणाली, "ती बघ, उभी. हिच्याच टकुऱ्यात शिक्का हाणायचा."

"आडवीवर म्हनली न्हवं का संघप्रिया?"

"आगं, आडवी तर आधीच पडलेली हाय. पडलेल्याला कोन मारतं? उभी हाय तिलाच पाडायची!"

मागच्या बायका हसल्या. "बराबर हाय, मावशी," म्हणून त्यांनी माना डोलावल्या.

मी थिजले. एवढ्या बायकांचे शिक्के उलटे पडणार होते. रांग सरकली. आजीचा पाय पायरीवर पडला. उन्नतीने तोंड उघडलं, तोच पोलीसबाईंनी डोळे वटारले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना आपणहून काहीच करता येत नाही. आम्हाला उभं करणारे आणि आडवं करणारे हात माणसांचेच असतात. ते कशासाठी वापरायचे, तेवढं जपा.

उन्नतीने चपला काढल्या. "आजी" अशी हाकही न मारता ती फाटकासमोरच्या तापलेल्या रस्त्यावर, हात अंगाशी चिकटवून, सरळ आडवी झाली. आणि आजीच्या नजरेला नजर देऊन तिने आपल्याच पोटावर, शिक्का मारावा तशी, मूठ मारली, ठप्प!