शोभनाचं वगळलेलं मशीन

शोभना गुप्तेला कुणी ‘काळजी करू नका’ म्हटलं, की ती त्या क्षणापासून काळजीला लागत असे. स्वभाव मुळातच तसा, त्यात दुधाने तोंड पोळलेलं. आधीच्या कंपनीत एक ड्रॉइंग हरवलं, खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि ‘मी वेळेत पाठवलं होतं’ हे दाखवायला तिच्याकडे चिटोरंसुद्धा नव्हतं. महिन्याभरात नोकरी गेली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

आखातात, रास अल खोरच्या या बांधकाम कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. कुठलं ड्रॉइंग कुणाकडे कधी गेलं, याची नोंद ठेवणं हे तिचं काम. नियम असा, की सगळं सर्व्हरवर ठेवायचं. शोभना ते ठेवायचीच, आणि एक प्रत गुपचूप आपल्या लॅपटॉपवरही उतरवायची. प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक मेल, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘ओके’ म्हटलं तरी त्याचा फोटो. क्लायंटची ड्रॉइंग्ज स्वतःच्या मशीनवर सापडली म्हणून मागच्या वर्षी एका इंजिनीअरला कायमचं घरी पाठवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण सर्व्हर कंपनीचा. उद्या वेळ आली तर तो कुणाच्या बाजूने बोलणार?

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कंपनीचे सगळे लॅपटॉप नव्या सिस्टीमवर जाणार होते. त्याची तयारी आयटीतला सुजीत करत होता. सुजीत साताऱ्याकडचा, पंचविशीचा, नोकरीला चारच महिने झालेले, अजून प्रोबेशनवर. इंटरनॅशनल सिटी या वस्तीतून अकाउंट्समधल्या सदानंदकाकांच्या गाडीने तो, शोभना आणि काका असे तिघं रोज एकत्र ऑफिसला यायचे.

“त्या दिवशी चारशे मशीन एकदम डाउनलोड करायला लागली ना काका, तर लाइनच झोपेल,” सुजीतने एका सकाळी समजावलं. “म्हणून कंटेंट, म्हणजे नव्या सिस्टीमच्या फाइल्स, आधीच स्लोली प्रत्येकाच्या मशीनमध्ये उतरवून ठेवायचं. तिथे ते गप पडून राहतं. शनिवारी फक्त स्टार्ट करायचं.”

“म्हणजे आदल्या दिवशी मटकी भिजत घालायची,” काका म्हणाले. त्यांच्या लॅपटॉपवर तशी खिडकी कालच उघडली होती: नव्या सिस्टीमची तयारी सुरू आहे, मशीन चार्जिंगला ठेवा. अकाउंट्समध्ये सगळ्यांना आली होती. स्टोअरला आली होती. रिसेप्शनवरच्या मशीनलासुद्धा आली होती.

शोभनाला आली नव्हती.

एक दिवस तिने वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मनात पाल चुकचुकली. एप्रिलनंतर ज्या माणसाला ठेवायचंच नाही, त्याच्या मशीनमध्ये नवी सिस्टीम कोण कशाला भरेल? तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती आयटीच्या खोलीत गेली. सुजीतच्या पडद्यावर लांबलचक यादी होती, सगळी नावं हिरवी. खाली एकच नाव करड्या रंगात, पुढे लिहिलेलं ‘एक्सक्लूड’, म्हणजे वगळलेलं. ते तिचं होतं. सुजीतने तिला पाहिलं आणि झटकन यादी बंद केली.

“माझ्या मशीनचं काय रे?”

“होईल ताई. काळजी करू नका.”

झालं. त्या रात्री शोभनाला डाळीला फोडणी द्यायचंही सुचेना. नवरा निखिल नोकरी जाऊन जानेवारीपासून घरी बसलेला. त्याचा आणि लेक ईशानीचा व्हिसा आता शोभनाच्या नोकरीवर टांगलेला. तिची नोकरी गेली की तिघांनाही बाडबिस्तरा आवरून निघावं लागणार, तेही सातवीची परीक्षा तोंडावर असताना.

“अगं, त्या मुलाला नीट विचार तरी,” निखिल म्हणाला.

“मम्मा, यू आर ओव्हरथिंकिंग,” ईशानीने पुस्तकातून मान वर न काढता निकाल दिला.

तिने विचारलंही. दुसऱ्या संध्याकाळी पार्किंगमध्ये, अगदी सरळ विचारलं. सुजीतने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीची काच पुसणाऱ्या काकांकडे, आणि हळूच म्हणाला, “उद्या बोलू, ताई.” आता काका म्हणजे चालतीबोलती दवंडी. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत तीन मजले फिरून यायची. त्यांच्यासमोर माणूस तोंड उघडत नसेल, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. पण संशयाने एकदा घर केलं की साधं कारण दारातूनच परत जातं. दुसऱ्या दिवशी सुजीत आलाच नाही. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधल्या ऑफिसात इंटरनेटची लाइन अगदीच बारीक, म्हणून तिथल्या मशीनमध्ये हार्ड डिस्कने कंटेंट भरायला त्याला सकाळीच पाठवलं होतं. शोभनाने एवढंच धरलं, की पोरगा तोंड चुकवतोय.

संध्याकाळी तिने आयटीच्या मुख्य कशफ मॅडमना मेल लिहिला. मला न सांगता, कुणाच्या तरी सांगण्यावरून, सुजीतने माझं मशीन यादीतून काढलं आहे. मला नोकरीवरून काढायचं ठरलं आहे का? तारीख, वेळ, त्याचे शब्द, सगळं मुद्देसूद. मेल गेल्यावर तिला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कशफ मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बाई मूळच्या हैदराबादच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

“शोभनाजी, किसी को निकालने की कोई लिस्ट नहीं है,” त्या म्हणाल्या. “आपका नाम इसने खुद हटाया है. लिखा है, डिस्क खराब, नया लॅपटॉप देना है. मैंने यहाँ से चेक किया. डिस्क एकदम ठीक है.”

शोभनाला काही कळेना. सुजीत कार्पेटकडे पाहत होता.

“कंटेंट को तीस जीबी जगह चाहिए. जगह न हो तो नहीं उतरता, और इसे वही लिखना था. आपके मशीन में कुछ भरा हुआ है क्या?”

तेव्हा शोभनाच्या ध्यानात आलं. तिच्या मशीनमध्ये पाच वर्षं भरली होती. सुजीतने प्रयत्न केला असणार, कंटेंट उतरलं नसणार, म्हणून त्याने आत डोकावलं असणार आणि त्याला ती ड्रॉइंग्ज दिसली असणार. खरं कारण लिहिलं असतं तर चौकशी आली असती. म्हणून पोराने डिस्क खराब ठरवली. गुपचूप नवा लॅपटॉप आला असता, कंटेंट आधीच भरलेला, आणि कुणाला काही कळलं नसतं.

“नहीं मॅडम,” शोभना म्हणाली. “मेरा सब सर्व्हर पर है.”

“फिर झूठ क्यों लिखा, सुजीत?”

तो तिच्याकडे बघेल, असं शोभनाला वाटलं. त्याने पाहिलं नाही. “गलती हो गई, मॅडम. चेक न करताच लिहिलं,” तो घाईत हिंदी-मराठी एक करत म्हणाला.

“प्रोबेशन में झूठी एंट्री. मैं एचआर को लिख रही हूँ. और शोभनाजी, कल मशीन मुझे दीजिए, मैं खुद देखूँगी.”

सहा वाजता शोभना पार्किंगमध्ये उतरली तेव्हा सुजीत गाडीपाशी एकटाच उभा होता. काका अजून वर होते. एचआरने त्याला सांगितलं होतं, नोकरी महिनाअखेरपर्यंतच.

“ताई, उद्या मशीन बघतील त्या,” तो म्हणाला. “आज घरी गेल्यावर तो फोल्डर डिलीट करा. रिसायकल बिनपण रिकामी करा. विसरू नका.”

लाजेची गोष्ट अशी, की त्या क्षणीही शोभनाच्या डोक्यात पहिला विचार तोच आला. हा अजून एवढा चांगला का वागतोय? याला माझ्याकडून काय हवंय?

“तू हे का केलंस?” तिने विचारलं.

“म्हणजे काय, ताई? रोज एका गाडीतून येतो की आपण.”

तिने ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. त्यात कुठे खोट सापडते का ते शोधलं, अगदी मनापासून शोधलं. सापडली नाही. एवढ्या वर्षांत लोकांची तिला पुष्कळ भीती वाटली होती. आज पहिल्यांदा स्वतःची वाटली. निखिल डोळ्यांसमोर आला, ईशानी आली, तिघांचे पासपोर्ट ठेवलेला कपाटाचा खण आला. तिने पर्समधून फोन काढला.

“कुणाला लावताय?” सुजीतने विचारलं.

“कशफ मॅडम, शोभना बोल रही हूँ,” ती म्हणाली. “दोपहर को मैंने झूठ बोला.”

सुजीतने फोन घ्यायला हात पुढे केला. “ताई, नका. घरी तिघं आहात तुम्ही.” तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि बोलत राहिली.