सवतीचा झगा

हातमोजे घालून, श्वास रोखून टाचणी कामाला लागली. तिने खाजकुयलीची कुसं झग्याच्या अस्तरावर भुरभुरली आणि वरून विरविरीत मलमल शिवून टाकली. घाम सुटला की कुसं आपसूक अंगाला लागणार. मग नाच म्हणावं, चिमणे!

टाचणी म्हणजे नाटक मंडळीचे कपडे शिवणारी. अंगाने टाचणी, जिभेने त्याहून. मंडळीतली मुख्य नटी, जिला सगळे राणी म्हणत, सहा वर्षं तिच्याबरोबर एका खोलीत, एका पांघरुणात राहिली. आणि चार महिन्यांपूर्वी ही कालची पोर चिमणी आली काय, गोड गोड बोलली काय, राणी उशी उचलून तिच्या खोलीत गेली! वर जाताना म्हणते, "तू समजूतदार आहेस." समजूतदार म्हणे! तेव्हापासून टाचणीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यात नाटक कुठलं निवडावं? ग्रीकांची जुनी गोष्ट. टाकलेली बायको नवऱ्याच्या नव्या नवरीला विष लावलेला झगा भेट पाठवते आणि ती तडफडून मरते. बायको राणी, नवरी चिमणी. झगा शिवायला टाचणी. इतकं आयतं कुणाला मिळतं!

दुपारी शेवटची तालीम सुरू झाली. टाचणी विंगेत उभी राहिली. तेवढ्यात दिग्दर्शकबाईंनी टाळी वाजवली.

"चला, अदलाबदल! राणी, तू नवरी."

शेवटच्या तालमीला भूमिका उलट्या करून बघायच्या, ही बाईंची रीतच होती. दहा वर्षं टाचणी ती बघत आली होती. पण डोक्यात सवत शिरली की दुसरं काही सुचतं का! टाचणी झगा काढून घ्यायला निघाली. ती पुढे होईपर्यंत राणीने झगा अंगात घातलासुद्धा.

दिव्यांखाली घाम फुटला. राणीने मान खाजवली, मग दंड. मग तिने विंगेकडे बघितलं आणि टाचणीचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. आता ही बोंब मारणार, असं टाचणीला वाटलं. पण प्रवेश संपेपर्यंत राणी तशीच तडफडत राहिली.

"वा! याला म्हणतात अभिनय!" बाई म्हणाल्या.

चिमणी झगा उतरवायला धावली, तशी राणी खेकसली.

"हात लावू नकोस!"

टाचणीच्या काळजात कळ उठली. अंगाची आग होतेय आणि हिला काळजी त्या पोरीची!

राणी शिवणखोलीत आली, दार लावून पाठमोरी बसली.

"झग्याचे बंद सोड."

टाचणीने झगा उतरवला. पाठभर लाल गांधी उठल्या होत्या. तिने ओल्या फडक्याने हलकेच पाठ टिपली, मग हातावर तेल घेतलं.

"बाईंना सांगणार?"

"सांगितलं तर तुला हाकलतील." राणीने केस मानेवरून पुढे घेतले. "तिला नवा झगा शिव. आणि यापुढे तिचा प्रत्येक कपडा आधी मी घालून बघणार. इथे, तुझ्यासमोर. मगच तिला."

टाचणीचा हात थबकला. इथे. दार लावून. चार महिने रडून, भांडून जे मिळालं नव्हतं ते.

"चालेल," ती म्हणाली.

"किती कपडे आहेत तिचे?"

नाटकात नवरीला एकच झगा होता. दोघींनाही ते पाठ होतं.

"सात."

राणीने वळून बघितलं नाही.

"बरं," ती म्हणाली.