शेजारचा कान

माणूस बोलतो म्हणून माणूस नव्हे, ऐकतो म्हणून माणूस, असं डेसिबलसाहेबांचं ठाम मत होतं. हे मत ते समोरच्याला मध्ये एक अक्षरही बोलू न देता पाऊण तास समजावून सांगू शकत.

डेसिबल हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोबाईल कंपनीत त्यांच्या हाताखालच्या पोरांनी ते पाडलं होतं, कारण साहेब चहाच्या गोडीपासून घरच्या कुरबुरींपर्यंत सगळं डेसिबलमध्ये मोजत. "आज बायको तीन डेसिबलने जास्त बोलली," असं ते म्हणाले, की दुप्पट बोलली हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. वय बावन्न, नोकरी सत्तावीस वर्षांची, आणि इस्त्रीची घडी अशी की तिच्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी.

साहेबांच्या ताब्यात बरेच टॉवर होते, पण जीव जडला होता तो पाच मजली इमारतीच्या गच्चीवरल्या टॉवरवर. त्या एकाच टॉवरवर दोन कंपन्या नांदत होत्या, एक साहेबांची आणि एक शेजारची. बाजारात दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. गच्चीवरच्या खोलीत मात्र दोघींच्या यंत्रांची कपाटं पाठीला पाठ लावून उभी.

टॉवरच्या यंत्राला, म्हणजे बेस स्टेशनला, दोन कामं असतात: फोनशी बोलायचं आणि फोनचं ऐकायचं. बोलणं सोपं, जोर लावला की झालं. ऐकणं अवघड, कारण कुणाच्या तरी खिशातल्या फोनचा आवाज म्हणजे भरल्या बाजारातला डास. म्हणून दोन्ही कंपन्यांनी एक शहाणपणाचा करार केला होता. टॉवरवर ऐकण्याचा अँटेना दोघींचा एकेक. दोन्हींच्या केबली खाली खोलीतल्या एका डब्यात यायच्या, तिथे प्रत्येकीत आलेला आवाज दुभागला जायचा आणि एकेक वाटा दोन्ही कपाटांत जायचा. त्यामुळे प्रत्येक कंपनीला दोन कान मिळाले, एक स्वतःचा आणि एक शेजारचा. एका कानातून निसटलं ते दुसऱ्याने पकडायचं. बोलणं ज्याचं त्याचं, ऐकणं वाटून. माणसांना जे आजवर जमलं नाही ते एका पत्र्याच्या डब्याला जमलं होतं.

कुठली केबल कुणाची हे कळावं म्हणून खोलीत त्यांना रंगीत टेप लावलेली असे. साहेबांची लाल, शेजारची निळी. लॅपटॉप जोडला की पडद्यावरही तशाच दोन रेघा दिसत; रेघ जितकी वर, तितका तो कान तिखट. वर्षभरापूर्वी टॉवरला आणि खोलीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यांनी केबली सोडल्या, पुन्हा बांधल्या, आणि टेपांवरही इमानेइतबारे करडा रंग फासला. आता कुठली कुणाची? हे ओळखायची रीत सरळ आहे. एकाने वर चढून एक केबल सोडायची, दुसऱ्याने खाली कुठली रेघ पडते ते बघायचं.

साहेबांनी वर कुणाला चढवलं नाही. लॅपटॉप उघडला. एक रेघ वर होती, दुसरी जमिनीलगत सरपटत होती. साहेबांनी अर्धा मिनिट विचार केला आणि चांगलं ऐकणाऱ्या केबलीला लाल टेप लावली. चांगली ती आपलीच असणार, यात विचार करण्यासारखं खरं तर अर्धा मिनिटही नव्हतं.

टेप कुठलीही असो, काम दोन्हीकडे सारखंच चालतं. टेपेवरून ठरतं ते फक्त दोष कुणाचा हे.

चार महिन्यांनी शेजारच्या कंपनीत नवी तंत्रज्ञ आली. वय तिशीच्या आसपास, कंत्राटावर, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि बोलणं मोजकं. साहेब तिला तोंडावर मॅडम आणि मागे शेजारीण म्हणत. तिच्या निळ्या रेघेबद्दल त्यांनी एकामागून एक तीन पत्रं धाडली. तिसऱ्या पत्रात 'शेजारच्या कानात मळ साचला आहे व तो काढण्याची शेजाऱ्यांस फुरसत दिसत नाही' असं वाक्य होतं. मोठ्या साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते संयुक्त बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारीण तेव्हा समोरच बसली होती.

पत्रांचा परिणाम झाला. तिचं कंत्राट वाढवायचं की नाही, हे येत्या गुरुवारी दोन्ही कंपन्या बसून ठरवणार होत्या.

मंगळवारी सकाळी तिने फोन केला.

"सर, मी आमचा अँटेना तीनदा तपासला. काही दोष नाही. एकदा दोघं मिळून बघू या का? मी वर जाते, तुम्ही खाली रेघा बघा."

"मॅडम, रेघा मी गेले आठ महिने बघतोय."

"मग अजून एकदा बघा."

तासाभराने गच्चीवर तिने पट्टा बांधला आणि सरसर वर गेली. साहेब खोलीत लॅपटॉपसमोर बसले, फोन स्पीकरवर टाकून.

"सर, आमची केबल सोडतेय. निळी पडेल."

पडली ती लाल.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग टेपेकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. लाल रेघ दगडासारखी खाली गेली होती आणि निळी जिथे होती तिथेच निवांत सरपटत होती.

"पडली का सर?"

"जोडा परत."

तिने जोडली. लाल रेघ वर आली.

"काय दिसलं?"

"लॅपटॉप अडकलाय," साहेब म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतक्या सहज कुणावर आळ घेतला नसेल. लॅपटॉप बिचारा व्यवस्थित चालू होता. तो सगळं नोंदवूनही ठेवत होता.

मग ती म्हणाली, "वर आलेच आहे तर तुमचाही अँटेना बघते."

"त्याची काही गरज नाही हो—"

"बघितलासुद्धा. सर, तुमच्या कनेक्टरमध्ये पाणी आहे. रबराची पट्टी निघून लोंबतेय. आतलं तांबं पार हिरवं झालंय. हे एका महिन्याचं काम नाही." आणि मग अगदी साध्या आवाजात, "तुमच्याकडे दर सहा महिन्यांनी वर चढून तपासणी होते ना? गेल्या वेळी कुणी केली?"

"मीच," साहेब म्हणाले.

"अच्छा."

या एका शब्दाने साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

कारण साहेब तीन वर्षांत एकाही टॉवरवर चढले नव्हते. एका सकाळी अठराव्या पायरीवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वीस मिनिटं ते लोखंडाला मिठी मारून उभे राहिले, मग एकेक पायरी चाचपत उतरले, खोलीत येऊन पाणी प्यायले आणि फॉर्मवर 'वर चढून तपासले' या चौकोनात बरोबरची खूण केली. पहिली खूण वेडीवाकडी आली होती. पुढच्या खुणा मात्र फार वळणदार आल्या. हाताखालच्या पोरांनाही ते चढू देत नसत. "टॉवर म्हणजे खेळ नव्हे, ते माझ्यावर सोडा," असं म्हणत, आणि पोरं त्यांना मानत.

शेजारणीने स्वतःच्या पिशवीतला नवा कनेक्टर लावला, पट्टी गुंडाळली आणि खाली आली. हात पुसत पडद्याकडे तिने एकच नजर टाकली. दोन्ही रेघा आता खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"चला, ठणठणीत झालं," ती म्हणाली. "पण सर, आता पूर्वी काय होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. जे काय आहे ते तुमच्या अडकलेल्या लॅपटॉपमध्ये."

तिने पिशवी खांद्याला लावली आणि गेली. ती दोन शिव्या हासडून गेली असती तर साहेबांना फार बरं वाटलं असतं.

घरी बायकोने विचारलं, "आज चढलात वाटतं?"

"हं."

"बसा. पाणी तापवते."

तपासणीच्या दिवशी ती न चुकता पातेलंभर गरम पाणी मीठ टाकून पायांशी आणून ठेवी. चढउतार करून पाय भरून येतात, असं साहेबांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. ते सांगून बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हा ते खरं होतं. आज त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय ताजेतवाने होते. दिवसभर ते खुर्चीखाली पसरून ठेवलेले होते.

"मी चढत नाही," ते पातेल्याकडे बघत म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "बुटांचे तळवे बघा तुमचे. विकायला ठेवले तर नवे म्हणून जातील."

"मग हे पाणी कशाला तापवत होतीस?"

"दमून यायचात ना. खोटं बोलूनही माणूस दमतोच की."

मग साहेबांनी तिला सगळं सांगितलं. टेप, तीन पत्रं, मळाचं वाक्य, लाल रेघ. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि त्या पोरीचं काय?"

"गुरुवारी ठरेल."

"कोण ठरवणार?"

साहेबांनी पाय पाण्यातून काढले. पाणी अजून कढत होतं.

बुधवारी त्यांनी मनाशी बऱ्याच तोडी काढल्या. 'नोंदी परस्परविरोधी आढळल्या' असं लिहिता येईल. 'रंगकामामुळे संभ्रम' असंही. कुणाचंही नाव न घेता, कुणालाही न दुखवता, शेजारीण सुटेल आणि आपणही निसटू असं एक वाक्य मराठीत असायलाच हवं, असं त्यांना वाटत होतं. चार कागद फाडल्यावर तसं ते नाही हे कळलं. शेजारीण निष्काळजी नव्हती असं म्हटलं, की मग कोण होतं, हा प्रश्न पाठोपाठ येतच होता.

गुरुवारी लांब टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला शेजारच्या कंपनीच्या मॅनेजरबाई, आणि टोकाला शेजारीण. ती टेबलाच्या लाकडावरची एक रेष नखाने उगाच गिरवत होती.

मॅनेजरबाईंनी चष्मा चढवला. "तुमच्या तीन तक्रारी आहेत. आमचं म्हणणं, माणूस बदलून टाकू आणि विषय संपवू. तुम्हाला काही सांगायचंय?"

"हो," डेसिबलसाहेब उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती. "तक्रारी खोट्या आहेत. खराब कान आमचा होता. त्यांच्या कानाने आम्ही वर्षभर ऐकलं आणि त्यांनाच बहिरं म्हटलं." त्यांनी लॅपटॉप फिरवून मंगळवारची नोंद दाखवली.

मोठे साहेब घाईने पुढे सरसावले. "म्हणजे तांत्रिक गोंधळ झाला. रंगाऱ्यांनी टेपा—"

"गोंधळ नाही, साहेब. टेप मी लावली, अंदाजाने. चांगलं ते आपलं, हा अंदाज. वर चढून खात्री करायला हवी होती, पण मी वर चढतच नाही. तीन वर्षं. मला चक्कर येते. फॉर्मवर खुणा खालूनच केल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मोठे साहेब पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे करू लागले. मॅनेजरबाईंनी चष्मा उतरवला, कागदावर सही केली आणि कागद टेबलाच्या टोकाकडे सरकवला. शेजारणीचं कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. तिने कागद वाचला, घडी घातली, कुणाचे आभार मानले नाहीत.

व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं.

"मॅडम, माझ्या हातून फार मोठी—"

"थांबा सर," ती म्हणाली. "नंतर बोलाल. तुमची पत्रं आली की मी घरी सांगायचे, माझी चूक नाही. पहिल्यांदा सगळ्यांना पटलं. दुसऱ्यांदा भाऊ गप्प बसला. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, बाळ, एवढे मोठे अनुभवी गृहस्थ तीनतीनदा लिहितायत, तर काहीतरी असेल गं. आता मी घरी जाऊन सांगेन, बघा, माझी चूक नव्हती. बाबांना बरं वाटेल. पण तेव्हा ते तसं म्हणाले होते हे काही आता जायचं नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात काही नव्हतं. ती जिन्याने खाली गेली. साहेब तिथेच उभे राहिले आणि तिच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकत राहिले.

पुढचे आठ दिवस त्यांनी टेबल आवरलं, कपाटाच्या किल्ल्या पाकिटात घातल्या, पोरांना एकेक टॉवर समजावून दिला. नोकरी जाणार हे ते धरूनच चालले होते, आणि खरं सांगायचं तर ती जावी असंही त्यांना मनातून वाटत होतं. काहीतरी जायला हवं होतं.

नवव्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या शिस्तपालन विभागाचं पत्र आलं. तपासणीच्या फॉर्मवर खोट्या नोंदी केल्याबद्दल त्यांना एक वर्षासाठी कोणत्याही टॉवरवर चढण्यास मनाई करण्यात आली होती.