नीलम रतन शिरसाट, बी.ए. २०१७

घाटकोपरच्या त्या वस्तीत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हटलं की लोक आधी नीलमचं नाव घेत. पावसाळ्यात दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर टेबल लागायचं. एका बाजूला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले भीमराजकाका कागद तपासायला बसत आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन नीलम. आठवडाभर ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर लोकांचे रिपोर्ट वाटायची आणि रविवारी इथे. उत्पन्नाचा दाखला कुठल्या साइजमध्ये अपलोड करायचा, ओटीपी आला नाही तर काय करायचं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

टेबलाचा एक रिवाज होता, तो काकांनी पाडलेला. फॉर्म पाठवायच्या आधी शेवटचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. ‘मी दिलेली सर्व माहिती खरी आहे. ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.’ पोरं कंटाळायची, खिदळायची. काका म्हणायचे, “सरकार ऐको न ऐको, आपण तरी ऐकू.” वाचायचं काम नीलमचं, आणि ती ते अगदी शाळेतल्या बाईंच्या आवाजात करायची.

टेबलाच्या मागे भिंतीवर मोठा फलक होता. वस्तीत जो कोणी पदवीधर होईल त्याचं नाव चौदा एप्रिलच्या आत त्यावर चढायचं, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. नाव एकदा चढलं की चढलं. माणूस वस्ती सोडून गेला, अगदी वारला, तरी ते कोणी पुसत नसे. अक्षरं काढायचे रतन पेंटर, म्हणजे नीलमचे वडील. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या धंद्याची पार वाट लागली होती; गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवून दिवस काढत होते. पण फलकाचं काम ते एका चहावर करायचे. नीलमचं नाव काढलं त्या दिवशी तिच्या आईने स्टूल धरलं होतं आणि ‘वेलांटी जरा मोठी काढा’ म्हणून त्यांना तीनदा टोकलं होतं.

मागच्या वर्षी शकुमावशी तिच्या राधाला घेऊन आली होती. राधाचं बी.कॉम. झालेलं, आता तिला बी.एस्सी. करायचं होतं. नीलमने लॅपटॉप तिच्याकडे वळवलासुद्धा नाही.

“एक पदवी झालीये ना? त्याच पातळीची दुसरी करायची तर शिष्यवृत्ती नाही मिळत.”

“बी.कॉम.चं नाही लिहिलं तर?” शकुमावशीने हळूच विचारलं.

“मावशी, असली कामं मी करत नाही. एक जण खोटं लिहितो आणि मग आपल्या सगळ्यांच्या फॉर्मकडे लोक वाकड्या नजरेने बघतात.” हे ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली होती. राधाने मान खाली घातली. दिवाळीपर्यंत ती कुर्ल्याच्या एका मॉलमध्ये कामाला लागली.

आणि यंदा, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, नीलमने स्वतःच नर्सिंगची प्रवेशपरीक्षा दिली. बारावीला सायन्स होतं, पण मार्क कमी म्हणून तेव्हा बी.ए.ला जावं लागलं होतं. आता मार्क पडले आणि मुलुंडच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली. शिष्यवृत्ती असेल तरच ती टिकणार होती. लॅबच्या पगारात घर चालत होतं, कॉलेजची फी त्यात बसणं शक्य नव्हतं.

नियम तिला माहीत नव्हता असं नाही. पण स्वतःची वकिली करायला बसलं की माणसाला मुद्दे भराभर सुचतात. बी.ए.ची शिष्यवृत्ती जुन्या पोर्टलवर होती, कोण बघतंय. बी.ए. करून मिळालं काय, काउंटर. मोठमोठे लोक काय काय गिळतात, मी तर शिकायलाच मागतेय. असं तीन रात्री चाललं आणि चौथ्या रात्री तिने फॉर्म भरला. घरी, मोबाइलवर, कारण टेबलावर भरला असता तर तो मोठ्याने वाचावा लागला असता. मागच्या शिक्षणात बारावी लिहून ती थांबली. मधली अकरा वर्षं कुठे गेली यासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, ते तिने स्टॅम्पपेपरवर करून आणलं. कारण लिहिलं, ‘आईच्या दीर्घ आजारपणामुळे घरी होते.’

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या क्लार्कबाईंचा फोन आला. “गॅप मोठा आहे ना तुमचा, म्हणून सांगते. कधी कधी चौकशीला माणूस येतो, शेजारीपाजारी विचारतो. कागद तयार ठेवा.”

रात्री जेवताना तिने ते वडिलांना सांगितलं. सांगावंच लागलं, कारण माणूस आलाच तर आधी दारात तेच भेटणार होते.

“बी.ए.चं लिहिलं नाहीये मी, पप्पा. कोणी विचारलं तर बारावीनंतर घरी होती म्हणा.”

रतन पेंटरांनी घास ताटात ठेवला. “अकरा वर्षं घरी? कशाला?”

“आई आजारी होती म्हणून लिहिलंय.”

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. मग म्हणाले, “ती बारा दिवसांत गेली गं.” एवढंच म्हणून त्यांनी उरलेलं जेवण संपवलं आणि ताट स्वतः घासून ठेवलं. ते ओरडले असते तर तिने उलट उत्तर दिलं असतं. मुद्दे सगळे तयार होते.

पुढच्या रविवारी ती विहारात पोचली तेव्हा रांग लागलेली होती. तिने काकांना जयभीम घातला, लॅपटॉप उघडला आणि सवयीने मागे पाहिलं. फलकाच्या दुसऱ्या रकान्यात, तिचं नाव होतं तिथे, पांढरा पट्टा होता. रंग ओला होता अजून.

“सात वाजता आला होता रतन,” काका कागदांतून मान वर न काढता म्हणाले. “म्हणाला, अक्षरांना पोपडे आलेत. मी म्हटलं, एकाच नावाला?”

नीलम लॅपटॉपवर पासवर्ड टाकायला लागली.

“स्टूल धरायला मला उभं केलं त्याने.  आणि एक गोष्ट विचारली मला. म्हणाला, चौकशीचा माणूस विहारात पण येतो का?” आता काकांनी वर पाहिलं. “मी काही विचारलं नाही त्याला, आणि तुलाही विचारत नाही. चल, पहिला फॉर्म घे.”

पहिला फॉर्म तिने भरला. शेवटी प्रतिज्ञापत्र आलं, ‘मी दिलेली’ एवढं तिने वाचलं आणि ती थांबली. तिने पाणी मागितलं. बाकीचं काकांनी वाचलं. लाज वाटणं काय असतं ते तिला माहीत होतं असं तिला आजवर वाटायचं. फाटकी चप्पल, उधारीवरचा गॅस, त्याची लाज. ती लाज वेगळी होती. ही तिच्या वडिलांनी सकाळी सात वाजता, कोणी बघायच्या आत, तिच्यासाठी अंगावर घेतली होती. ज्या हातांनी नाव काढलं त्याच हातांनी त्यांनी ते खोडलं होतं, आणि घरी येऊन तिला चहा करून दिला होता.

सोमवारी तिने लॅबमध्ये सुट्टी टाकली आणि मुलुंडला गेली.

“माझं बी.ए. झालेलं आहे,” ती क्लार्कबाईंना म्हणाली. “शिष्यवृत्ती घेऊन झालंय. मी लिहिलं नव्हतं. अर्ज मागे घ्यायचाय.”

तिला वाटलं होतं, बाई झापतील. बाईंनी फक्त चष्मा काढला. “मग पूर्ण फी भरावी लागेल, शुक्रवारच्या आत. जमेल?”

“नाही.”

“जागा सोडल्याचा अर्ज इथे लिहा मग,” म्हणून बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. जागा सोडल्याचं कारण तिने खरं लिहिलं. ते लिहायला अकरा वर्षांच्या खोट्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग बाहेर येऊन जिन्यात ती पोटभर रडली.

संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, “पप्पा, नाव परत लिहाल?”

 त्यांनी नंबरप्लेटीचा ब्रश धुवायला घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी नाव काढलं तेव्हा स्टूल नीलमने धरलं होतं. अक्षर जुन्यासारखंच आलं, वेलांटीसुद्धा मोठी. पण फलकाचा बाकी पांढरा रंग इतक्या वर्षांत पिवळट झाला होता आणि हा तुकडा लख्ख होता. एवढ्या नावांत तेवढंच एक डोळ्यात भरत होतं.

रांगेत तिसरी शकुमावशी होती. तिच्या धाकट्या मुलाचा, सम्यकचा फॉर्म होता. तो क्लासला गेला होता, ओटीपीसाठी त्याचा फोन तिच्याजवळ. ती टेबलाशी आली आणि कागद द्यायच्या ऐवजी फलकाकडेच बघत राहिली.

“हे तुझं नाव आता लिहिलं का गं? गेल्या रविवारी नव्हतं इथे.”

रतन पेंटर कोपऱ्यात ब्रश पुसत होते. ते लगबगीने म्हणाले, “पोपडे आले होते, शकु. रंगच असा येतो हल्ली—”

“पप्पा, थांबा,” नीलम म्हणाली.  रांगेतली माणसं ऐकत होती, मागच्या वर्षी ऐकत होती तशीच. “माझ्यामुळे खोडलं होतं, मावशी. मी स्वतःसाठी दुसऱ्या पदवीचा फॉर्म भरला, त्यात बी.ए. लपवलं. राधाला जे करू दिलं नाही, तेच केलं. आता मागे घेतलाय.”

 शकुमावशीने पिशवीतून सम्यकचे कागद काढले, काकांपुढे ठेवले आणि समोरच्या खुर्चीवर बसली. नीलमने फॉर्म भरला. नाव, जात, उत्पन्न, शाळा. ओटीपी आला. शेवटचं पान उघडलं. काकांनी चष्मा लावून लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

“तुम्ही नका, भीमराजदादा,” शकुमावशी म्हणाली. “तिला वाचू दे. आणि मोठ्याने. राधा बाहेर उभी आहे, तिलाही ऐकू जाऊ दे.”

नीलमने लॅपटॉप परत आपल्याकडे घेतला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.